पॉवर निवडताना अडकू नये म्हणून: ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम नव्याने खेळणाऱ्या नागपूरकरांसाठी

नवा खेळाडू कॅरेक्टरच्या पोशाखावर अर्धा तास घालवतो आणि पॉवरवर, म्हणजे त्याच्या लढण्या-वाचण्याच्या क्षमतांवर, दोन मिनिटं. वीस-पंचवीस लेव्हल झाल्यावर कळतं की जी पॉवर हवी होती ती आपल्या क्लासला (कॅरेक्टरच्या प्रकाराला) मिळतच नाही. मिळत असेल तर तिच्याआधी दोन नकोशा पॉवर घ्याव्या लागतात. किंवा सुरुवातीला न वाचता दाबलेलं बटण आता कधीच बदलणार नाही. मग चिडचिड होते आणि चाळीस-पन्नास तास खेळलेलं कॅरेक्टर डिलीट होतं.

ही चिडचिड खोटी नाही. ज्या क्षणी खेळाडूला गेमबद्दल सगळ्यात कमी माहिती असते, त्याच क्षणी त्याच्याकडून सगळ्यात पक्का निर्णय घेणं ही रचनेतलीच चूक आहे. पण गेम बदलेपर्यंत थांबणं आपल्या हातात नसतं. निवड करण्याआधी तासभर नीट तपासणी करणं हातात असतं. ती कशी करायची ते खाली क्रमाने दिलं आहे.

जवळ काय ठेवायचं

- एक वही. मोबाइलवरच्या नोट्स चालतील, पण गेम पूर्ण स्क्रीनवर असताना वही बरी पडते.
- त्या गेमचा बिल्ड-प्लॅनर, म्हणजे कॅरेक्टरच्या सगळ्या निवडींची मांडणी (बिल्ड) आधीच करून पाहण्याचं साधन. सिटी ऑफ हीरोजसाठी मिड्स रीबॉर्न, पाथ ऑफ एक्झाइलसाठी पाथ ऑफ बिल्डिंग. दोन्ही फुकट आहेत.
- ताज्या पॅचच्या, म्हणजे गेममधल्या बदलांच्या, नोंदी. दोन वर्षं जुना व्हिडिओ पाहून बिल्ड ठरवू नका.
- राउटरसाठी छोटा यूपीएस किंवा इन्व्हर्टरची जोडणी. हे का, ते पाचव्या पायरीत येईल.

१. आधी खुंट कोणता आणि फांदी कोणती ते ओळखा

संत्र्याची बाग माहीत असलेल्याला हे लगेच समजेल. कलम जंबेरीच्या खुंटावर बांधायचं की रंगपूर लाइमच्या, हे एकदाच ठरतं. झाड उभं राहिल्यावर खुंट बदलता येत नाही. फांद्यांना वळण देता येतं, पण त्याला वेळ आणि मेहनत लागते. छाटणी मात्र पुन्हा पुन्हा करता येते.

गेममधली प्रत्येक निवड या तीनपैकी एका खान्यात बसते. वहीत तीन रकाने पाडा आणि कॅरेक्टर तयार करण्याआधी ते भरा.

सिटी ऑफ हीरोज घ्या. मूळ गेम २००४ मध्ये आला, २०१२ च्या नोव्हेंबरअखेर बंद झाला, आणि होमकमिंग या चाहत्यांच्या सर्व्हरला जानेवारी २०२४ मध्ये मूळ कंपनी एनसीसॉफ्टकडून रीतसर परवाना मिळाला. आज तो फुकट खेळता येतो. त्यात आर्केटाइप (कॅरेक्टरचा प्रकार), प्रायमरी पॉवरसेट आणि सेकंडरी पॉवरसेट (पॉवरचे मुख्य आणि दुय्यम संच) हे तीन खुंट. लेव्हल ५० झाली तरी ते बदलत नाहीत. त्या सेटमधल्या कोणत्या पॉवर घेतल्या आणि कशात किती स्लॉट टाकले, या फांद्या. रिस्पेक केलं, म्हणजे निवडी पुसून पुन्हा केल्या, की बदलतात. स्लॉट म्हणजे पॉवरमधली जागा; तिच्यात बसवलेली, पॉवरचा जोर वाढवणारी एन्हान्समेंट ही छाटणी.

डीसी युनिव्हर्स ऑनलाइनमध्ये पॉवर सुरुवातीलाच निवडायची असते आणि तिच्यासोबत टीममधली भूमिकाही ठरते. फायर आणि आइस घेतलं की टँक, नेचर आणि सॉर्सरी म्हणजे हीलर, गॅजेट्स आणि मेंटल म्हणजे शत्रूला रोखून धरणारा कंट्रोलर. नुकसान करण्याची भूमिका सगळ्यांनाच मिळते. आग आवडते म्हणून फायर घेणाऱ्याला पुढे टीमसमोर उभं राहून मार खायची जबाबदारी आपल्याकडे आली हे उशिरा कळतं. पॉवर बदलायचं टोकन असतं, पण ते मार्केटप्लेसमधून घ्यावं लागतं.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये क्लास हा खुंट. टॅलेंट, म्हणजे क्लासच्या आत निवडायच्या क्षमता, मात्र २०२२ च्या ड्रॅगनफ्लाइटपासून लढाईबाहेर कधीही, फुकट बदलता येतात. फायनल फँटसी फोर्टीनमध्ये खुंट जवळजवळ नाहीच. एकच कॅरेक्टर सगळे जॉब शिकू शकतं, हातातलं शस्त्र बदललं की जॉब बदलतो. निवडीचीच भीती वाटत असेल तर सुरुवात तिथून करावी, हे स्पष्ट मत आहे.

रकाने भरून झाले की खुंटाच्या रकान्यात किती नोंदी आहेत ते मोजा. तीनपेक्षा जास्त असतील तर त्या गेममध्ये पहिलं कॅरेक्टर शिकण्यासाठी आहे असं धरूनच चाला आणि त्याला आवडतं नाव देऊ नका. नाव राखून ठेवा.

२. बदलाची किंमत आकड्यात लिहा

«रिस्पेक करता येतं» एवढं वाचून थांबू नका. किती वेळा, कशाच्या बदल्यात आणि नेमकं काय परत मिळतं, हे तिन्ही लिहा.

वॉरक्राफ्ट क्लासिकमध्ये टॅलेंट पहिल्यांदा पुसायला १ गोल्ड लागतं, मग ५, नंतर दर वेळी ५ ने वाढत ५० पर्यंत जातं. लेव्हल २० च्या खेळाडूला ५० गोल्ड म्हणजे डोंगर. म्हणून तिथे गंमत म्हणून टॅलेंट पुसत बसू नये.

पाथ ऑफ एक्झाइलचं पॅसिव्ह झाड, म्हणजे आपोआप लागू राहणाऱ्या क्षमतांचा नकाशा, १३०० हून जास्त गाठींचं आहे. पूर्वी एक गाठ परत घ्यायला ऑर्ब ऑफ रिग्रेट नावाची एक वस्तू खर्ची पडायची. कथेतल्या कामगिऱ्यांमधून सुमारे २० गाठी फुकट परत घेता येतात, आणि २०२४ च्या सेटलर्स ऑफ कालगूरपासून गोल्ड देऊनही हे करता येतं. दहा-पंधरा गाठी चुकल्या तर चालतं, ऐंशी चुकल्या तर नवं कॅरेक्टर स्वस्त पडतं. नवे लोक इथेच फसतात. ते चुकलेला बिल्ड सुधारण्यात आठवडा घालवतात, तेवढ्यात दुसरं कॅरेक्टर त्याच टप्प्यावर पोचलं असतं.

चॅम्पियन्स ऑनलाइनमध्ये याला रेटकॉन म्हणतात. शेवटची निवड मागे घेणं स्वस्त. जितकं मागे जाल तितकं महाग. त्यामुळे तिथला नियम साधा आहे: चूक वाटली की त्याच लेव्हलला दुरुस्त करा, पुढे नेऊ नका.

३. पिंग आणि घड्याळ पाहून पॉवर निवडा

ही पायरी परदेशी मार्गदर्शकांत सापडणार नाही, कारण ते लिहिणारा सर्व्हरच्या शेजारी राहतो. नागपुरात बसून अमेरिकेतल्या सर्व्हरवर खेळलं तर पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, सहसा दोनशे मिलिसेकंदांच्या वर असतो. नेट कितीही वेगवान घेतलं तरी अंतर कमी होत नाही. शंभर एमबीपीएसचा प्लॅन दोनशेचा केल्याने पिंग सुधारेल या आशेवर पैसे घालू नका.

पिंग आधी मोजा. वॉरक्राफ्टमध्ये खालच्या मेनू-बटणावर माउस नेला की मिलिसेकंद दिसतात. पाथ ऑफ एक्झाइलमध्ये एफ-वन दाबा. सिटी ऑफ हीरोजमध्ये चॅटच्या ओळीत स्लॅश लावून नेटग्राफ आणि पुढे १ लिहा. संध्याकाळी सात ते अकरा या वेळात तीन दिवस मोजा. सकाळचा आकडा तुमच्या कामाचा नाही.

पिंग १५० च्या वर असेल तर ऐन वेळी अडवणं, नेमक्या क्षणी उडी मारणं, शत्रूचा हल्ला मधेच तोडणं यांवर उभा असलेला बिल्ड घेऊ नका. हात चुकला नसला तरी पॉवर उशिरा लागते आणि खेळाडूला वाटतं पॉवरच टाकाऊ आहे. त्याऐवजी सोबती लढवणाऱ्या, जमिनीवर परिणाम पसरवून ठेवणाऱ्या, हळूहळू नुकसान करणाऱ्या किंवा एकदा चालू केली की चालू राहणाऱ्या पॉवर घ्या. सिटी ऑफ हीरोजमध्ये मास्टरमाइंड आणि कंट्रोलर हे आर्केटाइप या अंतरावरून चांगले खेळता येतात. शिवाय त्या गेममध्ये एक पॉवर चालू असताना पुढची रांगेत लावता येते, त्यामुळे उशीर फारसा जाणवत नाही. पाथ ऑफ एक्झाइलमध्ये पिंग जास्त असेल तर सेटिंगमध्ये लॉकस्टेपऐवजी प्रेडिक्टिव्ह निवडा.

आता घड्याळ. नागपुरात रात्रीचे ९ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला सकाळचे साडेदहा किंवा साडेअकरा झालेले असतात. तिथली रात्री ८ ची गर्दी म्हणजे आपल्या पहाटेचे साडेपाच-साडेसहा. म्हणजे ज्या वेळी तुम्ही खेळणार, त्या वेळी अमेरिकन सर्व्हरवर टीम मिळायला वेळ लागेल. युरोपचा सर्व्हर थोडा बरा, तिथली संध्याकाळ आपल्या रात्री अकरा-साडेबाराला रंगते. होमकमिंगमध्ये रीयुनियन हा युरोपातला सर्व्हर आहे. माणसं कमी, पण वेळ जुळते.

पॉवर निवडीशी याचा थेट संबंध आहे. सिटी ऑफ हीरोजमधला एम्पथी डिफेंडर हे नव्या माणसाचं आवडतं पहिलं कॅरेक्टर: दुसऱ्यांना वाचवायचं, छान वाटतं. पण एम्पथीतल्या महत्त्वाच्या पॉवर स्वतःवर चालतच नाहीत. हील अदर, फॉर्टिट्यूड, अ‍ॅड्रेनलिन बूस्ट या सगळ्या दुसऱ्यासाठी. टीम नसेल त्या रात्री तुमचा अर्धा पॉवरसेट नुसता स्क्रीनवर बसून राहतो. मित्रांचा तिघा-चौघांचा ग्रुप पक्का असेल तरच असा सेट घ्या. एकट्याने खेळायचं असेल तर स्क्रॅपर, ब्रूट किंवा मास्टरमाइंड यांपैकी आर्केटाइप घ्या.

४. पूर्ण बिल्ड कागदावर मांडा, शेवटून सुरुवातीकडे

बहुतेक जण पहिल्या लेव्हलपासून जे चांगलं दिसेल ते घेत जातात. उलट करा. शेवटी कोणत्या दोन-तीन पॉवरसाठी हे कॅरेक्टर हवं आहे ते आधी लिहा आणि तिथून मागे या.

सिटी ऑफ हीरोजचा हिशेब करून दाखवतो. पूर्ण कॅरेक्टरला एकूण २४ पॉवर निवडता येतात. प्रायमरी सेटमध्ये ९, सेकंडरीत ९. सगळ्या घेतल्या तर १८ झाल्या, उरल्या ६. या सहांतच वेगाने फिरण्याची पॉवर, टीमला बळ देणारी लीडरशिप आणि लेव्हल ३५ नंतरच्या एपिक पॉवर बसवायच्या. पॉवर-पूल, म्हणजे सगळ्या आर्केटाइपना खुले असलेले छोटे संच, जास्तीत जास्त चारच उघडता येतात. पूलमधल्या वरच्या पॉवर आधी खालच्या दोन घेतल्याशिवाय मिळत नाहीत. म्हणजे एका हव्या पॉवरची खरी किंमत कधी तीन निवडी असते. वहीत प्रत्येक पॉवरसमोर ही खरी किंमत लिहा. तेव्हा समजतं की प्रायमरी आणि सेकंडरीतल्या किमान तीन-चार पॉवर सोडाव्या लागणार, आणि कोणत्या सोडायच्या ते आजच ठरवता येतं.

स्लॉट ६७ मिळतात. इथे एक सापळा हमखास लागतो. एकाच पॉवरमध्ये नुकसान वाढवणारी सहा एन्हान्समेंट कोंबायची, हा विचार सगळ्यांनाच सुचतो. २००५ पासून ते चालत नाही. एकाच प्रकारची पहिली तीन मिळून सुमारे ९५ टक्के वाढ देतात. चौथीपासून प्रत्येकीचा फायदा जेमतेम पाच टक्के. तीन नुकसानाची, एक अचूकतेची, उरलेली एन्ड्युरन्स (पॉवर वापरायला लागणारी ऊर्जा) वाचवणारी किंवा रीचार्जची, अशी वाटणी ठेवा. आणि टॉगल, म्हणजे बंद करेपर्यंत चालू राहणाऱ्या, पॉवर घेताना त्यांचा एन्ड्युरन्स-खर्च एकत्र करून पाहा. पाच टॉगल चालू ठेवले आणि एन्ड्युरन्स शून्यावर आली की सगळे एकदम बंद पडतात. लढाईच्या मधोमध.

पूर्ण मोकळीक असलेल्या गेममध्ये सापळे वेगळे असतात. चॅम्पियन्स ऑनलाइनमध्ये फुकट खेळणाऱ्याला ठरावीक आर्केटाइप मिळतात, पॉवरचा क्रम जवळजवळ ठरलेला. पैसे भरणाऱ्याला फ्रीफॉर्म. नवा माणूस फ्रीफॉर्म घेतो आणि बर्फ, आग, तलवार, टेलिकायनेसिस असं थोडं थोडं उचलतो. कॅरेक्टर दिसायला झकास, पण कशाचाच जोर दुसऱ्याला लागत नाही. एका वेळी एकच पॅसिव्ह चालतो, म्हणून दुसरा घेतलेला वाया जातो. फ्रीफॉर्ममध्ये आधी एक पॅसिव्ह, एक ऊर्जा भरणारी पॉवर, एक बचाव आणि एक मुख्य हल्ला ठरवा. बाकीची हौस नंतर.

बंधनं मुळात का असतात

हे कळलं की राग थोडा योग्य जागी जातो. अल्टिमा ऑनलाइन १९९७ मध्ये आला तेव्हा त्यात क्लास नव्हते. एकूण ७०० गुणांची मर्यादा होती आणि ते कोणत्याही कौशल्यात घालता यायचे. मोकळं मैदान. तरी खेळाडूंनी जड हत्यार आणि जादू दोन्ही एकत्र असलेला बिल्ड शोधून काढला, त्याला टँक-मेज नाव पडलं, आणि जो तो तेच करू लागला. मोकळीक होती, विविधता मात्र आटली. शिवाय प्रत्येक माणूस स्वतःला बरं करू शकत असेल तर टीमला हीलरची गरज उरत नाही, आणि सोबत खेळण्याचं कारणच जातं.

म्हणून खुंट असणं चूक नाही. चूक आहे ती पॉवर-कराची, म्हणजे हव्या गोष्टीसाठी नकोशी गोष्ट घ्यायला लावण्याची. सिटी ऑफ हीरोजमध्ये स्टॅमिना ही एन्ड्युरन्स भरून काढणारी पॉवर फिटनेस पूलमध्ये होती. तिच्यासाठी लेव्हल २० पर्यंत थांबायचं, आधीच्या दोन पॉवर घ्यायच्या आणि चारपैकी एक पूल कायमचा अडकवायचा. ती नसली तर बरेच बिल्ड दम तोडायचे, म्हणून जवळजवळ सगळेच ती घ्यायचे. ज्याच्यावाचून चालत नाही ती निवड कसली? अखेर २०१० मध्ये फिटनेसच्या चारही पॉवर सगळ्यांना आपोआप मिळू लागल्या.

५. करून पाहा, मग पक्कं करा

चॅम्पियन्स ऑनलाइनमध्ये पॉवरहाउस नावाची इमारत आहे. तिथे निवडलेली पॉवर आतच चाचणीच्या खोलीत वापरून पाहता येते, आणि बाहेर पाऊल टाकेपर्यंत निवड पक्की होत नाही. इतकी चांगली सोय असूनही लोक पॉवर घेऊन सरळ दाराबाहेर धावतात. प्रत्येक नवी पॉवर किमान पाच मिनिटं तिथेच चालवा.

जिथे अशी खोली नाही तिथे सरावाचा पुतळा शोधा. तोही नसेल तर दुसरं कॅरेक्टर करून लेव्हल दहापर्यंत न्या. एका रविवारचं काम आहे.

रिस्पेक करताना घाई नको. सिटी ऑफ हीरोजमध्ये पहिल्या लेव्हलपासून सगळ्या पॉवर क्रमाने पुन्हा निवडाव्या लागतात, मग स्लॉट, मग एन्हान्समेंट. जी एन्हान्समेंट बसवली नाही आणि ठेवायला जागा नाही ती विकली जाते, म्हणून आधी ट्रे रिकामा करा. रिस्पेक मिळवायचं टेरा व्होल्टाचं मिशन टीम घेऊन करायचं असतं. ते लेव्हल २४, ३४ आणि ४४ ला उघडतं.

एप्रिल-मेमध्ये दुपारी लाइन गेली तर टीममधले बाकीचे सात जण अडकतात. असं लांबीचं काम रात्री करा आणि राउटर बॅकअपवर ठेवा. पारा ४५ च्या वर असताना लॅपटॉप तापून वेग कमी करतो, फ्रेम पडतात आणि पुन्हा दोष पॉवरला जातो. लॅपटॉप खालून उचलून ठेवा. कूलरची ओली हवा थेट त्याच्यावर सोडू नका.

६. पैसे भरण्याआधी

टोकन विकत घेण्याचा मोह चिडचिडीच्या क्षणी होतो, आणि दुकानाची खिडकीही नेमकी तेव्हाच समोर येते. चोवीस तास थांबा. स्टीमवरून खेळत असाल तर रुपयांत पैसे भरता येतात. थेट परदेशी संकेतस्थळावर कार्ड वापरायचं असेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी चालू करावे लागतात. काम झालं की बंद करा. वर परकीय चलनाचा अधिभार लागतो तो वेगळा. शाळा-कॉलेजातल्यांनी घरच्यांच्या कार्डाला हात लावण्याआधी त्यांना विचारा. गेमिंग कॅफेत तासावर खेळत असाल तर तिथून पैसे भरू नका आणि उठताना लॉगआउट झालं का ते पाहा.

«पॉवर बदलून देतो, अकाउंट दे» असं चॅटमध्ये सांगणारा चोर असतो. याला अपवाद नाही.

७. तरीही बंधन जाचक वाटलं तर नीट तक्रार करा

तक्रारींनी गेम बदलतात. वॉरक्राफ्टच्या शॅडोलँड्समध्ये २०२० ला कव्हेनंट आले: चारांपैकी एक निवडायचा, त्याच्या पॉवर त्यालाच बांधलेल्या, बदलणं त्रासाचं. खेळाडूंनी सतत सांगितलं आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ९.१.५ पॅचने ते बंधन सैल केलं. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन २०१४ मध्ये आला. दुसऱ्या क्लासच्या कौशल्य-रांगा घेण्याची सोय त्यात २०२५ मध्ये आली, तीही लेव्हल ५० नंतर.

«सगळं बकवास आहे» असं लिहिलेलं कोणी वाचत नाही. चार गोष्टी लिहा: कोणती पॉवर, कोणत्या लेव्हलला, ती घेण्यासाठी कोणत्या नकोशा निवडी कराव्या लागल्या, आणि काय बदललं तर पुरेसं होईल. शेवटची मागणी लहान ठेवा. «सगळे क्लास मोकळे करा» यापेक्षा «उडण्याच्या पॉवरसाठीची आधीची अट काढा» ही मागणी पूर्ण होण्याची शक्यता जास्त. ती झालीही: सिटी ऑफ हीरोजमध्ये सुरुवातीला लेव्हल १४ ला उडण्याआधी दुसरी एक पॉवर घ्यावी लागायची, ती अट नंतर काढून टाकली गेली.

८. कॅरेक्टर सोडायचंच ठरलं तर

लगेच डिलीट करू नका. आधी त्याच्याकडचं सामान काढा. होमकमिंगवर एन्हान्समेंट आणि पैसे गेममधल्या ई-मेलने स्वतःच्याच दुसऱ्या कॅरेक्टरला पाठवता येतात. बिल्डचा स्क्रीनशॉट घ्या आणि काय अडलं ते वहीत त्याच्याशेजारी लिहा. स्लॉट मोकळा असेल तर कॅरेक्टर तसंच राहू द्या. पुढच्या पॅचमध्ये नेमकी तीच अट निघाली तर ते पुन्हा उघडता येईल.